भिंतीवरच्या फोटोपायी

फ्रीगंज भागातल्या एका खासगी रक्ततपासणी केंद्रात दर महिन्याला कुणा एकाच कर्मचाऱ्याचा फोटो भिंतीवर लागे. ज्याच्या रिपोर्टमध्ये सर्वांत कमी चुका, त्याचा सत्कार आणि दोन दिवस जास्तीची रजा. सहा महिने तिथे चारुलताच हसत होती.

त्या दिवशी भार्गवी रडत होती. ती नवीनच लागलेली. यंत्राने एका वृद्ध माईंच्या प्लेटलेट फार कमी दाखवल्या आणि तिने तसाच रिपोर्ट दिला. घरचे घाबरले, माईंना ॲम्ब्युलन्सने इंदूरला घेऊन धावले. तिथे कळलं की प्लेटलेट पुरेशा आहेत. नळीत त्यांच्या गुठळ्या झाल्यामुळे यंत्राची मोजणी चुकली होती.

"बस, बहुत हुआ!" व्यवस्थापक पराग कडाडले. "भार्गवी, उद्यापासून येऊ नकोस."

"सर, मी तर मशीनवर भरोसा ठेवला..."

रक्त घेणारे विनायकतात्या पुढे आले. "अशा वेळी काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं, हे पोरीला शिकवलं कुणी?"

"हेच शिकायला चारुलताला चार दिवस ट्रेनिंगला पाठवलं होतं ना!" पराग म्हणाले.

सगळ्यांच्या नजरा वळल्या. चारुलताची मान खाली गेली. "मला माहीत होतं. पण हिला सांगितलं असतं, तर फोटो हिचा लागला असता."

शिव शिव! एका फोटोपायी म्हाताऱ्या जिवाची ही फरफट!

"ऐकलंत?" परागांनी हात झटकले.

"तिला कशाला दोष देता, स्वतःला विचारा!" तात्या संतापले. "शेजारणीची चूक हाच आपला फायदा, असं बक्षीस ठेवलं कुणी?"

"तात्या, प्रवचन नदीवरच्या राम घाटावर द्या."

"देतो ना! कीर्तनात मी बुवांच्या मागे उभा राहून त्यांची ओळ उचलतो. नवी चाल आली की बुवा आधी आम्हाला बसवून शिकवतात. ती स्वतःपाशीच ठेवली, तर मागे गाणार कोण? एकट्याच्या गळ्याने कीर्तन रंगत नाही, साहेब!"

परागांनी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. मग म्हणाले, "गलती माझी आहे. माईंच्या घरी माफी मागायला मीच जातो. भार्गवी इथेच राहील. यापुढे सत्कार सगळ्यांचा मिळून, आणि जो दुसऱ्याला शिकवेल त्याला रजा."

चारुलताने भार्गवीला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. "ये गं. आधी पसरलेल्या रक्ताच्या कडेला बघ, गुठळ्या बहुतेक तिथेच सापडतात."

बंधुभगिनींनो, माणसं प्रशिक्षणाला धाडली म्हणून संस्था शहाणी होत नाही. सांगणाऱ्याचंच नुकसान होत असेल, तर विद्या त्याच्या ओठांतच अडते. देवाने दिलेली विद्या लपवायला लावतं, ते कसलं बक्षीस? ते पापच!