क्रेटचा वरचा थर

बोरीच्या टमाटा पावडर केंद्रावर त्या सकाळी टेम्पो आला, तो माल न्यायला नव्हे, परत टाकायला. नांदेडच्या व्यापाऱ्याने सगळी पोती फिरवली होती. निरोप एवढाच: पावडरीला कुबट वास मारतो, पुढचा माल असाच निघाला तर पुन्हा फोन करू नका.

दुसरे गिऱ्हाईक नव्हते. म्हणजे पुढचा माल बिघडला की केंद्राला कुलूप!

गावातल्या शेतकऱ्यांनी मिळून हे केंद्र काढले, तेव्हा नारळ फोडला अध्यक्ष किशनरावांनी. फोटोतही मधोमध तेच उभे राहिले. आता पोती पाहून दोष कोणाचा, हेही त्यांनीच ठरवले.

"मशिनीत खोट असंल. न्हाईतर ह्या बायांच्या हातात."

बायांच्या हातात म्हणजे मुख्यतः त्यांच्या सुनेच्या, राजेश्रीच्या. माल उतरवून घेणे, धुणे, चिरणे, वाळवणे हे सगळे ती बघायची. किशनराव अध्यक्षपद बघायचे.

राजेश्री म्हणाली, "मामा, तुमची क्रेटं आलीत. उतरून घेऊ?"

"घे की! त्यात इचारायचं काय?"

तिने एक क्रेट ताडपत्रीवर ओढले आणि सरळ पालथे केले. वरचा थर लालबुंद, नवरदेवासारखा नटलेला. खाली मात्र फुटके, पाणी सुटलेले, पांढऱ्या बुरशीने पांघरूण घेतलेले टमाटे. आंबूस वासाने बाया मागे सरल्या. स्वतःचे क्रेट मोटारसायकलला बांधून आलेले सभासद दत्तराव एकाएकी आभाळाकडे बघू लागले.

"चारचौघांत सासऱ्याची बेइज्जती करायलीस?" किशनराव कडाडले.

"मी निस्तं पालथं केलंय, मामा. भरलंय तुमीच."

"अगं, चांगला माल मार्केटला जातोय. तिथं खपत न्हाई ते इथं! त्याच्यासाठीच तर केंद्र काढलंय. पावडर झाल्यावर कोण बघायलंय आत?"

"तेच म्हंतो," दत्तराव म्हणाले. "सगळेच आणतेत. माझ्या एकट्याच्या दोन क्रेटांनी काय व्हायलंय?"

गंमत अशी, की गावातला प्रत्येक सभासद स्वतःला असा एकटाच समजत होता. या एकट्या-एकट्यांनी मिळून स्वतःच्याच केंद्राचा उकिरडा केला होता.

"वाकडा टमाटा चालतो, बारका चालतो," राजेश्री म्हणाली. "सडका न्हाई चालत. वाळवल्यानं बुरशी मेली तरी तिचं विष मागं राहतंय. हा माल मी ड्रायरमधी टाकणार न्हाई."

"मग केंद्राची किल्ली ठेव आन् घर गाठ! दुसरी बाई बघतो मी!"

राजेश्रीने किल्ली वजनकाट्यावर ठेवली. तिच्यामागे बाकीच्या बायांनी सुऱ्या खाली ठेवल्या. त्यांच्यातली एक उठून पुढे आली. किशनरावांचीच बायको, कस्तुराबाई.

"आवं, लोणच्याच्या कैऱ्या आणायला बाजारात कोण जातंय?"

"मीच. तुला काय कळतंय त्यातलं?"

"मग औंदा त्या कैऱ्यावाल्या बाईला भरलेली पाटी पुन्हा रिकामी का करायला लावली?"

"खाली पडलेल्या कैऱ्या मिसळल्या होत्या तिनं! एक डागी फोड गेली तरी आख्खी बरणी..."

किशनराव थबकले. पण शब्द तोंडातून गेले होते!

"बोला की, बरणी काय?" कस्तुराबाईंचा आवाज चढला. "आपल्या बरणीला डाग चालत न्हाई. आन् ही पावडर खाणारी लेकरं काय उकिरड्यावरची हायत? मशीन टमाटे वाळवतंय, सडक्याचं ताजं करत न्हाई! जिला घरी धाडायलात, ती तुमचीच अब्रू राखायलीय."

किशनरावांनी आधारासाठी दत्तरावांकडे पाहिले.

"मी तर पहिल्यापासून म्हंतोय," दत्तराव गंभीरपणे म्हणाले, "माल निवडूनच आणावा."

असा साथीदार भेटला की माणसाला आपले तोंड आरशावाचून दिसते. किशनराव लाल झाले. मग धोतर सावरून ताडपत्रीवर बसले आणि स्वतःच्या हाताने सडके टमाटे बाजूला काढू लागले. हाताला बुरशी लागली, तसे तोंड वाकडे झाले.

"किल्ली उचल, राजेश्री."

"उचलते. पर हितून पुढं परतेकाचं क्रेट पालथं होणार. तुमचंबी."

"आधी माझंच कर!" ते गुरगुरले. सुनेशी गोड बोलण्याइतके ते बदलले नव्हते. "आन् दत्तराव, गाडी कुठं फिरवायलात? सोडा ती दोरी!"

त्या दिवशी ड्रायर अर्धाही भरला नाही. पण जेवढा भरला, तेवढ्यातला एकही टमाटा लपवण्यासारखा नव्हता.

बंधुभगिनींनो, केंद्रे निघतील, नवी यंत्रेही येतील. पण साठवणीत टिकते ते आपण आत घातलेलेच. चांगले घातले तर चांगले, सडके घातले तर सडके! जो माल आपल्या लेकराच्या ताटात वाढायला हात धजत नाही, तो दुसऱ्याच्या पाकिटात भरायचा हक्क आपल्याला नाही.