पाण्यातल्या भाकरी

दत्तराव साहेबांनी फडक्याची गाठ सोडली आणि मी नाकाला रुमाल लावला.

जनावरांच्या दवाखान्यात बत्तीस वर्षं मी परिचर होतो, साहेब तिथले डॉक्टर. सडलेले खूर, किडे पडलेल्या जखमा, अडलेल्या म्हशीच्या पोटातलं मेलेलं रेडकू, सगळं याच हातांनी काढलंय. पण बँकॉकच्या त्या दमट खोलीत त्या फडक्यातून जो आंबूस वास आला, त्यानं मी दोन पावलं मागं सरलो. वरच्या दशमीवर हिरवट लव चढली होती. साहेबांनी ती मोडली तर तिला तार सुटली.

"आरं तिच्या मायला," साहेब म्हणाले. माळकरी माणूस, एरवी तोंडात शिवी नसते. "परवाच केल्या होत्या की रुख्मिणीनं. समद्या दुधातल्या."

"दुधातल्या हायत म्हनूनच," मी म्हणालो.

आमच्याकडे प्रवासाला दशम्या देतात. दशमी म्हणजे दुधात मळलेली भाकरी. दुधात भिजवलेल्या पिठाला विटाळ नसतो, असं मानणारी माणसं मानतात. पाण्यातली भाकरी कोणाच्या हातची, कोणाच्या घरच्या पाण्याची, हे बघावं लागतं. दुधातली मात्र कुठंही, कोणाच्याही शेजारी बसून खाता येते. विमानात माझ्या मांडीला मांडी लावून साहेबांनी अशाच दोन खाल्ल्या होत्या, अगदी निर्धास्त.

आम्ही खात्यातले आठ निवृत्त. आमच्यातल्याच महारुद्रनं ही सहल जमवली होती. पाच रात्री, स्वस्तातलं हॉटेल, सकाळचा नाश्ता त्यांचा आणि बाकीचं आपलं आपण. बाकीचे सहा जण कशासाठी आले होते ते पहिल्याच संध्याकाळी कळलं. मला आडवा पहुडलेला बुद्ध बघायचा होता. आमच्या पूर्णेच्या विहारात त्याचं एक कॅलेंडर वीस वर्षं टांगलेलं आहे. धम्मशीलेचे, म्हणजे माझ्या बायकोचे, गुडघे गेलेले. "तुमी जाऊन या," ती म्हणाली आणि दोन दिवस चुलीपुढं बसून तिनं ज्वारीच्या पातळ भाकरी केल्या. त्या उन्हात कडकडीत वाळवल्या, जवसाची आणि कारळाची चटणी कुटली आणि सगळं स्टीलच्या मोठ्या डब्यात भरलं. डब्यावर तिचं नाव कोरलेलं आहे, आमच्या लग्नातला डबा आहे तो.

मी मांस खात नाही आणि दूधही पीत नाही. दही, तूप, खवा, काही नाही. मुंबईतला माझा भाचा म्हणतो, मामा, अशा लोकांना व्हीगन म्हणतात, मोठ्या शहरांत त्यांची वेगळी हॉटेलं असतात. असतील. आमच्या दवाखान्यात मला नुसतं 'कोरा चहावाला' म्हणायचे.

साहेब शाकाहारी आणि मी असा, म्हणून महारुद्रनं आम्हाला एका खोलीत घातलं. "दोन गवतखाऊ एका दावनीला!" तो म्हणाला आणि सगळे हसले. साहेब हसले नाहीत. पलंगांमध्ये हातभर जागा होती, ती त्यांनी आपली बॅग ठेवून भरून काढली.

दशम्यांचं बोचकं कचऱ्यात गेलं आणि साहेबांचे हाल सुरू झाले. सकाळच्या नाश्त्याला अंडी आणि कसल्या तरी गुलाबी नळकांड्या. साध्या भाताच्या पातेल्याशेजारी अख्खा मासा डोळे उघडे ठेवून बसलेला. रस्त्यावर निघालो तर गाड्यांवर तळलेले नाकतोडे, उलटे टांगलेले बदक, पाटीत वळवळणारं काहीतरी. भाजीसुद्धा मागितली तर वरून माशाचं पाणी शिंपडायचे. तो वास तिथल्या हवेतच होता, अंगरख्याला, उशीला, सगळ्याला. मलाही ओकारी यायची, खोटं कशाला बोलू? साहेब तर नाक धरूनच चालायचे.

मी तयारीनं गेलो होतो. विहारातले भंते तिकडे दोन वर्षं राहून आलेले. त्यांनी मला कागदावर एक अक्षर काढून दिलं होतं. पिवळ्या झेंडीवर तांबड्या रंगात हे अक्षर दिसलं की डोळे झाकून बस, म्हणाले, तिथं मांस-मासा नाही आणि दूधही नाही. तशी गाडी मला हॉटेलमागच्या गल्लीत सापडली. एक म्हातारी बाई चाळीस बाथमध्ये, म्हणजे आपल्या शंभरेक रुपयांत, ताटभर भात, हिरवी भाजी आणि सोयाबीनचे तुकडे वाढायची. मी जेवलो. चव आपली नव्हती, पण पोट भरलं.

साहेबांनी ताटात वाकून बघितलं. "हे मटनच हाय."

"सोयाबीन हाय, साहेब."

"दिसतंय तर मटनासारखं. आन् त्या कढईत आधी काय केलं आसंल कुनाला ठावं?" आणि ते गटाराकडे तोंड करून ओकले. त्या म्हातारीनं माझ्याकडे असं बघितलं की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते पलंगावर थरथरायला लागले. अंग घामानं चिंब. त्यांना साखरेचा आजार. गोळ्या वेळेवर चालू आणि पोटात दोन दिवस फक्त केळं. मी खालून साखरेच्या पुड्या आणल्या, पाण्यात कालवून पाजल्या. जरा शुद्धीवर आल्यावर डबा उघडला. भाकरी जशीच्या तशी होती, कडकडीत. आठ दिवस काय, महिनाभर काही झालं नसतं. मी ती वाटीत मोडली, पाणी शिंपडून मऊ केली, वर जवसाची चटणी घातली आणि पुढं केली.

साहेबांनी वाटीकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"पान्यातल्या का दुधातल्या?"

माणूस मरायला टेकलाय आणि विचारतोय काय! मला त्या क्षणी त्यांची इतकी किळस आली की वाटी उचलून परत डब्यात ओतावीशी वाटली. 'दुधातल्या' म्हटलं असतं तरी भागलं असतं. मी म्हणालो, "पान्यातल्या."

त्यांची नजर दाराकडे गेली. मग म्हणाले, "कडी लाव."

मी दाराला कडी लावली. त्यांनी तीन भाकरी खाल्ल्या. बोटं चाटली. शेवटचा चटणीचा कण वाटीच्या कडेवरून पुसून घेतला.

"लय ग्वाड हाय," ते म्हणाले. "तुमच्या मालकिनीला सांगा, सिद्धोधनराव."

सिद्धोधनराव! बावीस वर्षं मी त्यांच्या हाताखाली 'शिद्ध्या' होतो, निवृत्त झाल्यावर 'शिद्धोधन' झालो. त्या दिवसापासून खोलीत कडी लागली की मी सिद्धोधनराव, आणि कडी निघाली की पुन्हा शिद्धोधन. मला ते कळत होतं. तरी मी रोज कडी लावत होतो, कारण ते ऐकायला बरं वाटत होतं. याचीही आता किळसच येते.

चौथ्या दिवशी आडवा बुद्ध बघितला. केवढा तो! पायापासून डोक्यापर्यंत चालत गेलो तरी संपेना. डोळे भरून आले. तेवढ्यात साहेबांनी मागून बाही ओढली. "भाकरी आनली का संगं?"

येताना विमानात साखर पडू नये म्हणून उरलेल्या चार भाकऱ्यांसकट डबा मी त्यांच्याकडेच दिला. हैदराबादेहून रेल्वेनं नांदेडला आलो. तिथं त्यांचा जावई गाडी घेऊन आला होता. उतरताना साहेबांनी माझा खांदा दाबला. "तुमी नस्ता तर माझं काय खरं न्हवतं. चुडाव्याला घरी या, डबा वापस करतो. रुख्मिणीलाबी सांगतो समदं." सगळ्यांसमोर बोलले. महारुद्रसुद्धा बघत राहिला.

मी घरी येऊन धम्मशीलेला तेच सांगितलं. ती चुलीपुढून उठून बाहेर आली. "साहेबानं खाल्ल्या? माझ्या हातच्या?" तिनं दोनदा विचारलं.

तिला कारण होतं. मी दूध का सोडलं, ते तिला एकटीलाच माहीत आहे. नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट. एका शेतकऱ्याच्या म्हशीचं रेडकू मेलं आणि म्हैस पान्हा सोडेना. साहेब म्हणाले, "कातड्यात भुसा भरून पुढं उभं करा. आमचा शिद्ध्या करंल, त्याच्या घरातलीच कला हाय ती." माझ्या आज्यानं छप्पन सालीच ढोरं ओढायचं सोडलं होतं. बापानं सुरी हातात धरली नव्हती. नोकरी नवी, मी नाही म्हणू शकलो नाही. ते रेडकू मी सोललं, भुसा भरला, शिवलं, काड्यांच्या पायावर उभं केलं. म्हशीनं त्याला हुंगलं आणि पाठीवरून चाटायला लागली. चाटता चाटता तिला पान्हा फुटला. त्याच दुधाचा चहा झाला. सगळ्यांना कपात दिला आणि मला ओसरीखाली, फुटक्या बशीत. मी तो ओतून दिला. तेव्हापासून दुधाचा थेंब तोंडात नाही. पुढं दवाखान्यात माझा कप वेगळाच राहिला. त्याचा चहा कोरा असतो ना, म्हणून, असं सगळे म्हणायचे. मीच त्यांना सबब पुरवली होती.

आठ दिवस झाले तरी डबा आला नाही. मग मी पूर्णेहून पॅसेंजर धरून चुडाव्याला गेलो.

साहेब ओसरीवर खुर्चीत बसले होते. चार शेजारी सतरंजीवर, सहलीच्या गप्पा रंगलेल्या.

"ये, शिद्धोधन," साहेब म्हणाले. "बस खाली."

रुख्मिणीवैनी दारात उभ्या राहून कौतुकानं सांगत होत्या. "लोक नुस्ते किडं-मुंग्या खायलेत म्हनं तिकडं! आमच्या हेनी पाच दिवस माझ्या दशम्यावर काढले. म्हनून तर वाचले."

मी साहेबांकडे बघितलं. ते चष्मा पुसत होते.

"माझा डबा न्यायला आलो, साहेब," मी म्हणालो.

"कसला डबा?" वैनींनी विचारलं. "स्टीलचा का? त्यो तुमचा हाय व्हय! नाव हाय त्याच्यावर, धम्मशीला. मी हेन्ला इचारलं बी, ही कोन म्हनून. तर म्हनले, गाडीत कुनाचा तरी राहिलेला हाय, घरात घेऊ नको, गोठ्यात ऱ्हाऊ दे."

गोठा समोरच होता. म्हशीपुढं दावणीत डबा ठेवलेला, त्यात भिजवलेली सरकीची पेंड. कडेवरून लाळ ओघळत होती. धम्मशीलेचं नाव पेंडीनं लिंपून गेलं होतं.

माझ्या तोंडाला कडू पाणी सुटलं. माशाच्या वासानं, त्या दशम्यांच्या बुरशीनंही इतकं सुटलं नव्हतं.

"वैनी," मी म्हणालो, "तुमच्या दशम्या दुसऱ्याच दिवशी आंबल्या. मीच फेकल्या. साहेबानं ह्याच डब्यातल्या भाकरी खाल्ल्या, माझ्या बायकोच्या हातच्या. पान्यातल्या."

साहेबांनी चष्मा चढवला.

"आजारात समदं चालतं," ते शेजाऱ्यांकडे बघून म्हणाले. "अवशद म्हनून घेतलं. आन् कडी लावलेली होती, कुनी बघितलं न्हाई."

वैनींच्या तोंडावर किळस आली. तोंडाला पदर लावून त्या आत गेल्या. किळस कोणाची होती, माझ्या भाकरीची की नवऱ्याची, ते मला कळलं नाही. मी विचारलंही नाही.

मी गोठ्यात गेलो. डब्यातली पेंड दावणीत पालथी केली. अंगणातल्या चुलीमागची राख घेतली, हौदाजवळ उकिडवा बसलो आणि डबा घासला. घाई केली नाही. नावाच्या एकेका अक्षरात बोट घालून पेंड काढली. ओसरीवर सगळे बघत होते. म्हशीनं मान लांबवून माझा हात हुंगला आणि पेंडीच्या वासानं खरखरीत जिभेनं चाटायला लागली. मी तिला चाटू दिलं. मग डबा उपरण्यानं कोरडा केला, पिशवीत घातला आणि स्टेशनची वाट धरली.

घरी धम्मशीला वाटच बघत होती.

"दिला का डबा?"

"दिला."

"काय म्हनले साहेब?"

पॅसेंजरमध्ये मी सगळं ठरवून आलो होतो, हे असं असं सांगायचं म्हणून. तिच्या तोंडाकडे बघितलं आणि ते सगळं बाजूला ठेवलं.

"भाकरी लय ग्वाड होत्या, म्हनले. समद्यासमोर."

"आन् वैनी?"

"त्यांनी डबा घासून दिला. राखंनं."

धम्मशीलेनं डबा हातात घेतला, उजेडाला धरून फिरवून बघितला. "चकाचक केलाय की," ती म्हणाली. "मानूस बदलतंय बगा." गुडघ्यावर हात देत ती उठली आणि तिनं डबा फळीवर ठेवला, नाव पुढं येईल असा.

मग तिनं मला कोरा चहा दिला. मी कप तोंडाला लावला तर पेंडीचा वास आला. वास चहाला नव्हता, माझ्या हाताला होता. मी तसाच पिऊन टाकला.