ढिली मेख

मी शमशेरचाचांची घोडी मैना बोलतेय. माझी विशी उलटली, चाचांची सत्तरी. हे मी आधीच सांगून टाकते, कारण मैदानावर येईल तो न विचारता माझं तोंड उघडून दात बघतो. तुमचे दात कुणी असे बघितलेत कधी?

माझा जन्म फलटणजवळचा, चाचांच्याच दारातला. उसाचं वाडं खाऊन वाढले. चाचा फौजेत घोडेस्वार होते. निवृत्त होऊन आले आणि त्यांनी मला मेखेचा खेळ शिकवला. जमिनीत लाकडी मेख ठोकायची आणि भरधाव घोड्यावरून ती भाल्याच्या टोकानं उपटून न्यायची. शिकले ते आजवर विसरले नाही. तरी तुमच्या बोलण्यात घोडं आपलं नेहमी पेंड खात असतं, नाहीतर वरातीमागून येत असतं.

यंदा विट्याच्या स्पर्धेत आम्ही नाव दिलं. मंडळाचे अध्यक्ष दादासो हात जोडून पुढे आले.

"आवं चाचा, ह्या वयात कशाला? स्टेजवर बसा. सत्कार करतो तुमचा."

"सत्काराला न्हाई आलो. घोडी पळवाय आलोय."

तरी शाल, नारळ, फेटा झालाच. माईकवरून 'एकेकाळचे घोडेस्वार' म्हणाले, तेव्हा माझं डोकंच फिरलं. एकेकाळचे कसले? त्याच सकाळी रपेट मारली होती आम्ही.

मग आमची पाळी आली. मी जीव तोडून धावले, चाचा वाकले, मेख भाल्यावर आली. टाळ्यांचा कडकडाट झाला. पण चाचांनी लगाम खेचला, खाली उतरले आणि मेखेच्या खड्ड्यात बोट घातलं.

"दादासो, ही ढिली ठोकलीया. बाकीच्यांची बी अशीच हाय?"

दादासो कानकोंडे झाले. "तुमच्या वयाचा मान ठेवला, चाचा. खास ढाल बी ठेवलीया तुमच्यासाठी."

"ह्याला मान म्हंत्यात व्हय? सगळ्यांसारखी ठोका."

मेख पुन्हा ठोकली, घट्ट. आम्ही पुन्हा धावलो. भाला लागला, पण मेख जागची हलली नाही. चाचांच्या खांद्याला हिसका बसला, नंबर गेला. या वेळी टाळी कुणी वाजवली नाही.

परतीच्या टेम्पोत चाचांनी माझ्या मानेवर हात ठेवला. "हारलो, मैना. पर रीतसर हारलो." ढाली जिंकल्या तेव्हाही ते इतके खुशीत दिसले नव्हते.

ती शाल आता माझ्या खोगिराखाली असते. पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा येणार आहोत. दात बघायचे तर बघा, हसायचं तर हसा. फक्त मेख घट्ट ठोका.