पंधरा दिवसांचं पाणी

मी एक जुनी परात आहे, पितळेची, आणि आधी माझी तक्रार ऐका. समोर शिंपीणबाईंचं घर आहे. त्यांची मुलगी गेले पंधरा दिवस दार उघडून बाहेर पडते ती पाठ आमच्याकडे करून. सायकल हातात, मान पलीकडे. जशी काही मी कोण, कुठली! सात वर्षांची होती तेव्हापासून हिने माझ्या पाण्यात कोपरापर्यंत हात घातलेत. बाही भिजली म्हणून आईचे धपाटे खाल्लेत. आणि आता मान वळवते. वळव बाई. उसण भरेल तेव्हा कळेल.

दुसरी तक्रार आमच्याच घरातली. पंधरा दिवस माझं पाणी कोणी बदललेलं नाही. वर रबराचा तवंग, त्यात दोन माश्या मेलेल्या. मी असल्या घाणीतली नव्हे. पण का बदललं नाही, ते मला ठाऊक आहे. ते सांगायलाच बसले आहे.

मित्रांनो, परात आणि सायकलच्या दुकानात कशी, असं विचारून दात काढू नका. मला एका म्हाताऱ्या तांबटाने ठोकून घडवलं. साच्यातून धडाधड पडणारी भांडी वेगळी आणि ठोक्याठोक्याने घडलेली वेगळी. सायकल मिस्त्रींच्या आईने मला घरी आणलं. वीस माणसांची कणीक ती माझ्यात एका वेळी मळायची. घासायची अशी, की माझ्यात तोंड बघून केस विंचरावेत. आलेल्या बायका म्हणायच्या, "परात असावी तर अशी." मी ऐकून घ्यायचे. खोटा विनय मला जमत नाही.

मग मिस्त्रींना मुलगी झाली. एवढीशी, उंदराच्या पिल्लाएवढी. तिला पहिली अंघोळ माझ्यात घातली. माझा काठ तिने मुठीत धरला तो सोडेचना. तेव्हापासून मी तिला 'आमची' म्हणते. दुसरं नाव मला माहीत नाही, आणि गरजही नाही.

पुढे म्हातारी गेली, घरात हलकी भांडी आली. माझ्या काठाला एक पोचा पडला, तेवढ्यावरून सगळ्यांनी नाकं मुरडली. ज्यांना भाकरीचा घास मी पुरवला, त्यांनीच मला माळ्यावर टाकलं. दोन वर्षं मी तिथे काळी पडत होते. एक दिवस मिस्त्री मला खाली घेऊन आले आणि घरापुढच्या दुकानात पाणी भरून ठेवलं. ट्यूबमध्ये हवा भरायची, माझ्या पाण्यातून फिरवायची, बुडबुडा दिसला की तिथे भोक. मला आधी रडू आलं. कणीक मळणारी मी, आणि पंक्चर! पण मिस्त्री गिऱ्हाइकाला म्हणाले, "ही खोटं बोलत नाही. बुडबुडा आला तर भोक आहे, नाही आला तर नाही." तेव्हा म्हटलं, ठीक आहे. इथे निदान किंमत कळते.

आमची दुकानातच वाढली. समोरचीही. दोघी शेजारी बसून ट्यूब बुडवायच्या. एक मुटकी, एक लांबोडी. दोघींना मिस्त्रींनी मोडक्या सायकलींचे सुटे भाग जोडून माउंटन बाइक बनवून दिल्या, जाड टायरच्या. गावामागे खडीची जुनी खाण आहे. तिच्या कडेने डोंगरावर जाते ती पायवाट नव्हे, नुसते दगड. तिथून दोघी सुसाट खाली यायच्या. गुडघे फुटलेले, हसणं थांबत नाही. जी आधी पोचेल तिने दुसरीला 'गाढवे' म्हणायचं, असा नियम. समोरची जास्त वेळा आधी पोचायची. पंक्चर मात्र दोघींचं आमचीच काढायची. समोरचीला दहा वर्षांत ते आलं नाही. ती आपली गप्पा मारायला.

सहा महिन्यांपूर्वी सायकलची मोठी स्पर्धा झाली. जिंकेल तिला वर्षभर परदेशात, बर्फाच्या डोंगरांत शिकायला पाठवणार. समोरची पहिली आली, आमची दुसरी. पहिली नाही गेली तर दुसरी जाणार, असं कागदावर लिहिलेलं. आमची घरी येऊन पाच मिनिटं माझ्या पाण्यात हात बुडवून बसली. मग उठली, ओढणीला हात पुसले आणि समोर जाऊन ओरडली, "गाढवे, पेढे कोण देणार, तुझ्या आईची सुई का?" असं मन असतं. मी घडवलेलं नाही, पण मी अंघोळ घातलेलं आहे.

मग तयारी. सगळी माझ्या डोळ्यांसमोर. शिंपीणबाई कोट शिवायला बसल्या, तो इतका जाड की मशीन मध्येच कुंथायची. कापड बेतायच्या टेबलावर बॅग उघडी. रोज भरायची, वजन करायचं, रोज चार वस्तू काढायच्या. आणि दोघी माझ्या शेजारी बसून व्हिसाच्या मुलाखतीची तयारी करायच्या. आमची उलट्या बादलीवर साहेब होऊन बसायची.

"येण्याचं कारण?"

"सायकल शिकायला."

"सायकल येत नाही तुम्हाला? मग आलात कशाला?"

"ए, नीट विचार ना."

"बरं. परत कधी जाणार?"

"तू जास्त फास्ट होशील तेव्हा."

"उद्धट आहात. व्हिसा नामंजूर." आणि ग्रीसने माखलेला अंगठा तिच्या वहीवर उमटवायची. मग पुन्हा विचारायची, पुन्हा उमटवायची. ती वही अजून समोरचीच्या बॅगेत आहे. मी बघितली आहे.

कागदपत्रं सगळी झाली. एकच राहिलं. स्पर्धा घेणारे कोचसाहेब शहरातून येऊन तिला आपल्या डोंगरावर एकदा चालवताना बघणार आणि शेवटची सही करणार. आदल्या संध्याकाळी आमचीने तिची सायकल दुकानात आणून ब्रेक, चेन, हवा, सगळं तपासून दिलं. स्वतःची असती तर एवढं केलं नसतं.

सकाळी कोच खाली घड्याळ घेऊन उभे, अर्धा गाव उभा. समोरची वरून निघाली आणि निम्म्यावर मागचं चाक बसलं. सायकल खांद्यावर घेऊन चालत खाली आली. कोच म्हणाले, "होतं असं. मी पंधरवड्याने पुन्हा येतो. आधी हे दुरुस्त करून घ्या." सगळी वरात आमच्या दुकानात.

आमचीने ट्यूब काढली, हवा भरली, माझ्यात बुडवली. ट्यूबच्या टायरकडच्या अंगाला बारीक बुडबुड्यांची माळ. मग तिने टायरच्या आतून बोट फिरवलं. काटा आत राहिला तर जोडलेली ट्यूब पुन्हा फुटते, म्हणून हे करावंच लागतं. तिचं बोट थांबलं. टोचलं. तिने ते काढून तळहातावर धरलं आणि मी खालून बघितलं.

काटा नव्हता. अर्ध्या नखाएवढं सुईचं टोक होतं, आणि टोकालाच नेढं. मित्रांनो, हाताने शिवायच्या सुईचं नेढं मागे असतं. नेढं टोकाजवळ असतं ते फक्त शिलाई मशीनच्या सुईचं. गावात शिलाई मशीन किती, ते मोजायला मला शाळेत जावं लागलं नाही.

"काटा आहे का?" कोचनी विचारलं.

आमचीने समोरचीकडे बघितलं. समोरची आपल्या बुटांकडे बघत होती.

"काही नाही सापडलं," आमची म्हणाली, आणि हात माझ्या पाण्यात घातला. टोक माझ्या तळाशी येऊन बसलं.

तेवढ्यात कोपऱ्यावरचा किराणावाला, ज्याला कोणी विचारलेलं नसतं, तो म्हणाला, "काल संध्याकाळी सायकल कोणाच्या हातात होती, ते बघा म्हणजे झालं. आणि दुसरा नंबर कोणाचा, तेही बघा." सगळ्यांच्या माना आमचीकडे. एकजण खोकला. समोरची तिथेच उभी होती, दोन हातांवर. एक शब्द बोलली असती तर पुरे होतं. तोंडात मिठाची गुळणी धरून उभी राहिली आणि नीट झालेली सायकल घेऊन निघून गेली.

त्या दिवसापासून हे पंधरा दिवस. गिऱ्हाइकं पलीकडच्या गल्लीतल्या दुकानात वळली. दूधवाल्याने सायकल आत आणली, आमचीला बघून पुन्हा बाहेर नेली. म्हणे, "हवा आहे तशी बरी आहे." आमची डोंगरावर जायची थांबली. माझं पाणी फेकलं तर टोक जाईल आणि टोक बाहेर काढलं तर बोलावं लागेल, म्हणून मला तसंच ठेवलं. बोलली तर लोक म्हणणार, जागा मिळवायला बोलते. नाही बोलली तर चोर. आणि समोरून रोज शिंपीणबाईंचा आवाज, "माझी जाड सुई कोणी घेतली? कोट अर्धा राहिलाय! डब्यात तीन सुया होत्या, दोन बारीकच कशा उरल्या?" मी तळाशी तिसरीचं टोक घेऊन बसलेली. हसू की रडू?

काल सकाळी मिस्त्रींनी पाना खाली ठेवला. लेकीकडे न बघता विचारलं, "पोरी, एकदाच विचारतो. तू केलंस का?"

"बाबा, तुम्हीसुद्धा?"

"लोक विचारतात म्हणून..."

"लोक विचारू देत. तुम्ही नका विचारू." एवढंच म्हणून ती चेन धुवायला बसली. धुतलेलीच चेन. मिस्त्रींनी पाना पुन्हा उचलला, पण वापरायचं विसरले.

गल्ली अरुंद आहे. समोरची उंबऱ्यावर होती. तिने ऐकलं. दार लागलं.

आणि आज दुपारी, उद्या कोच येणार असताना, ती आली. बाईसाहेबांची मान एकदाची सरळ झाली. मूठ आवळलेली. मिस्त्री आत होते. आमचीने वर बघितलंसुद्धा नाही.

"हवा भरायची असेल तर पंप तिथे आहे."

"हवा नको."

"मग?"

समोरचीने मूठ उघडली. सुईचा मागचा तुकडा. आमचीने तो बघितला आणि मला पायाने तिच्यापुढे सरकवलं. मला पाय लावला. पण त्या क्षणी मी तो माफ केला.

"पुढचा यात आहे. घाल हात."

"ह्या पाण्यात?"

"तुझंच आहे."

समोरचीने बाही वर केली आणि हात घातला. चाचपडत होती. तिची नखं माझ्या तळावरून फिरली, मी मुद्दाम मदत केली नाही. शेवटी सापडलं. गंजलेलं. दोन तुकडे तळहातावर शेजारी ठेवले आणि रडायला लागली.

"मला भीती वाटली गं. तिकडे मी एकटी. तू नसणार. म्हटलं एकदा चुकलं की रद्द होईल. सुई आतच मोडेल असं वाटलं नव्हतं."

"भीती वाटली तर मला सांगायचं. मी काय खाल्लं असतं तुला?"

"तू म्हणाली असतीस, जा."

"म्हणालेच असते."

"म्हणून नाही सांगितलं. पण मी तुझं नाव घेतलं नव्हतं. त्या किराणावाल्याने..."

"घेतलं नाहीस. तू बुटांकडे बघितलंस." आमचीचा आवाज आता फाटला. "काल माझ्या बापाने मला विचारलं, तू केलंस का. माझ्या बापाने!"

आतून मिस्त्रींच्या हातातलं काहीतरी खाली पडलं.

"मी उद्या कोचना एकट्यात गाठून सांगते," समोरची नाक पुसत म्हणाली. "माझी जागा तुला मिळेल."

"मला तुझी उष्टी जागा नको. मला माझं नाव हवं."

मित्रांनो, तुमच्या घरी जुनं भांडं असेल तर त्याला घासून, कोरडं करून ठेवा. माळ्यावर टाकू नका. ते तुमचं सगळं बघत असतं. आम्हा भांड्यांना बोलता येतं, माणसं ऐकत नाहीत एवढंच. पण त्या क्षणी समोरचीचा हात माझ्या काठावर आपटला, मी खणकन वाजले, आणि दोघींनी दचकून माझ्याकडे बघितलं. म्हटलं, आता ऐकतेस ना? मग तोंडावर ऐक.

"एकट्यात? का गं, बदनामी एकट्यात झाली होती? उद्या अर्धा गाव जमेल तेव्हा सांगायचं, त्या किराणावाल्याच्या पायरीवर उभं राहून, सुईचे दोन्ही तुकडे हातात धरून. आवाज तुला देवाने भरपूर दिलाय, इतकी वर्षं माझ्या कानाशी वापरलास. आधी आत जा, मिस्त्रींच्या पाया पडू नकोस, त्यांना नुसतं सांग, 'काका, मी केलं.' मग तुझी जागा राहिली तर जा, गेली तर आईच्या मशीनवर बस, मला त्याचं काही नाही. तू भित्री आहेस, ते मी सोडून दिलं असतं. पण आमची बुडत होती आणि तू बूट बघत होतीस, ते मी पितळ आहे तोवर विसरणार नाही. हिने तुला माफ करायचं की नाही ते हिचं ही बघेल, मी करत नाही. आता रडणं पुरे. बादली आण, हे पाणी फेक, आणि मला घास. काठाच्या आतूनसुद्धा."