आबासाहेबांचा राजा

डाव सुरू होऊन पाच मिनिटं झाली नव्हती, तोच हरिभाऊंनी घोडा बळी दिला. एक प्यादं तर त्यांनी दुसऱ्याच खेळीत देऊन टाकलं होतं.

"पागल हो गए क्या?" मागून कुणीतरी पुटपुटलं.

हरिभाऊ झाशीच्या लोको शेडमध्ये फिटर. समोर बसलेले आबासाहेब ऑफिसात बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, दतिया गेट भागातल्या जुन्या मराठी घराण्यातले. फाल्गुनात त्यांच्या मुलाशी हरिभाऊंच्या लेकीचा, विद्येचा साखरपुडा झाला आणि वैशाखात शिपायाच्या हाती चिठ्ठी आली: पत्रिका जुळत नाही. मागाहून ऑफिसातून आबासाहेबांचे शब्द कानावर आले, "फिटरची पोर कुठे करायची!"

रेल्वे इन्स्टिट्यूटचा करंडक हरिभाऊंना नकोच होता. हा माणूस त्यांना चारचौघांत हरलेला पाहायचा होता.

आबासाहेबांचा राजा उघडा पडला. हरिभाऊंचा वजीर आणि उंट त्याच्यावर तुटून पडले. आबासाहेबांनी दोनदा घाम पुसला. मग पटावरून नजर न काढता हळूच विचारलं, "विद्येचं जमलं का कुठे?"

हरिभाऊंच्या कानशिलात ठिणगी पडली. हात आबासाहेबांच्या हत्तीकडे गेला. हत्ती मारावा आणि राजाला फरपटत बाहेर काढावा! पण बोटं मध्येच थांबली. त्यांनी पुन्हा मोजलं. हत्ती मारला, तर चार खेळ्यांनी आपलाच राजा मरत होता. समोरच्याला तेच हवं होतं.

दात आवळून त्यांनी वजिराने शह दिला. राजा सरकला. पुन्हा शह. राजा परतला. तीच मांडणी पटावर तिसऱ्यांदा आली, तेव्हा पंच म्हणाले, "ड्रॉ."

आबासाहेबांनी हसून हात पुढे केला. "चला, कुणाचंच काही गेलं नाही."

"तुमचं नाही गेलं," हरिभाऊ म्हणाले. डावाच्या कागदावर सही करून ते उठले. पुढे आलेला हात तसाच राहिला.

प्रेम नगरला घरी पोचले तेव्हा विद्या चुलीपाशी होती. "जीत गए, बाबा?"

"नाही. हरलोही नाही."

ती पोळी लाटत राहिली. खालमानेनेच तिने विचारलं, "त्यांनी माझं काही विचारलं?"

"छे. एक शब्द नाही."

विद्येने मान हलवली. तव्यावर टम्म फुगलेली पोळी उचलून तिने वडिलांच्या ताटात वाढली.