नुसती वेल

मी एक जुना लाकडी ठसा आहे. उज्जैनमध्ये मला सगळे ठप्पा म्हणतात. माझा एक कोपरा तुटला आहे आणि पोटात पंचेचाळीस वर्षांचा राग आहे. मित्रांनो, राग वाईट असतो असं तुम्हाला शिकवतात. माझी हकिकत ऐका, मग ठरवा.

उज्जैनच्याच भैरवगढमधल्या एका कापडछपाईच्या कारखान्यात मुक्ताबाई ठसे कोरायच्या. सगळे त्यांना अक्का म्हणत. शिसवीचा तुकडा मांडीवर घेऊन त्यांनी महिनाभर माझ्यावर वेल कोरली. शेवटी त्यांनी मालक गोपाळरावांना विचारलं, की कोपऱ्यात स्वतःचं नाव घालू का. मालक हसले.

"बाईच्या नावाला कोण विचारतं? नुसती वेल काढ."

अक्कांनी पुन्हा पटाशी उचलली. ठशावर अक्षरं उलटी कोरतात, तेव्हा ती कापडावर सुलटी उमटतात. अक्कांनी आपल्या नावाची अक्षरं मुद्दाम सुलटी कोरली. शिरोरेघेची फांदी झाली, उकाराचा तणावा झाला आणि कापडावर उलटं पडलेलं नाव वेलीत मिसळून गेलं. छापणाऱ्यांना हे माहीत होतं, पण कोणी चुगली केली नाही. मालक मला कधी हातात घेत नसत, त्यांना बोटं रंगवायची नव्हती.

त्याच वर्षी माझ्या वेलीला मोठं बक्षीस मिळालं. शाल-श्रीफळ गोपाळरावांनी घेतलं. अक्का त्या दिवशी मांडवामागे चहाचे कप विसळत होत्या. तेव्हापासून मी त्या कोपऱ्यात रंग जरा जास्तच पीत असे. प्रत्येक चादरीवर, प्रत्येक उपरण्यावर मी ते नाव दाबून उमटवलं. पुढे तडा जाऊन माझा दुसरा एक कोपरा तुटला, तेव्हा मला भंगारात टाकलं. अक्कांनी मला पदराखाली घरी आणलं. त्या गेल्या, पण माझा राग गेला नाही.

यंदा त्यांच्या नातीच्या, ऋताच्या शाळेत थोर स्त्रियांचं प्रदर्शन होतं. सगळ्यांनी राण्यांची चित्रं आणली. ऋताने जुन्या ब्रशने माझा सुकलेला रंग खरवडला, अक्कांचं नाव मोकळं केलं आणि मला टेबलावर मांडलं. प्रमुख पाहुणे होते गोपाळरावांचे चिरंजीव विक्रांत. त्यांच्या गळ्यात बक्षिसाच्या वर्षी छापलेलं उपरणं होतं, आणि ही वेल वडिलांनीच काढली हे ते भाषणात तीनदा सांगून झाले होते.

मला पाहून ते म्हणाले, "लाकडावर तर कोणी पण नंतर नाव कोरून घेईल, बेटा. पुरावा नसेल तर हे टेबल हटवा."

ऋताचे डोळे भरले. अक्का पुन्हा मांडवामागे जाणार, असं मला वाटलं. पण तिने वर्गशिक्षिका मानसी मॅडमकडून पर्समधला छोटा आरसा मागून घेतला आणि विक्रांतांच्या उपरण्यासमोर धरला.

"हे तर नंतरचं नाही ना, सर? तुम्हीच वाचा."

त्यांनी वाचलं. माइक चालू होता. "मुक्ता," एवढाच शब्द सगळ्या हॉलमध्ये घुमला. पंचेचाळीस वर्षं ज्याची वाट पाहिली, ते त्यांच्याच तोंडून ऐकताना मला फार आनंद झाला. मी तो लपवणार नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, आणि त्या कोणाच्या हातच्या आहेत तेही विचारा. राहता राहिले दुसऱ्याचं नाव पुसणारे. त्यांनी आरशासमोर जरा जपून उभं राहावं.