सगळ्यांसमोरची माफी

जर्मनीतल्या नेकारसुल्मच्या मोटार कारखान्यातला इंजिनिअर जीवन तिथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हजरजबाबी म्हणून प्रसिद्ध होता. २०१६च्या मार्चमध्ये नोकरीसाठी नुकत्याच आलेल्या क्रांतीने ग्रुपवर विचारलं, "अनमेल्डुंगला, म्हणजे पत्ता नोंदवायला, कोणते कागद लागतात?"

जीवनने लगेच लिहिलं, "इंजिनिअर ना तुम्ही? गूगल वापरता येत नाही?"

हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. जीवन खूश झाला.

संध्याकाळी त्याची बायको उत्कर्षा म्हणाली, "क्रांती ग्रुप सोडून गेली. आपल्या घरी येऊन तिने हेच विचारलं असतं, तर तू असाच बोलला असतास?"

"छे! आधी चहा दिला असता," जीवन म्हणाला आणि बोलता बोलताच ओशाळला.

त्याने क्रांतीला फोन लावून माफी मागितली.

"बरं वाटलं, दादा," ती म्हणाली. "पण माझं हसू झालं ते सगळ्यांसमोर."

जीवनला ते पटलं. त्याने ग्रुपवर लिहिलं, "क्रांतीचा प्रश्न रास्त होता, माझं उत्तर उद्धट होतं. चूक माझी." खाली उत्तरही दिलं: पासपोर्ट आणि घरमालकाच्या सहीचा फॉर्म. थोड्या वेळाने हसणाऱ्यांपैकी एकाने "माझंही चुकलं" असं लिहिलं, मग आणखी तिघांनी.

उत्कर्षाने ते सगळं क्रांतीला पाठवलं आणि तिच्या होकाराने तिला पुन्हा ग्रुपवर घेतलं.

क्रांतीचा पहिलाच मेसेज आला, "अजून एक प्रश्न विचारू का?"